विश्वासाची कसोटी : क्रिप्टो एक्स्चेंज कसे पारखावे?

स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचा गौरव करणारे लेख असावेत, ही रीत आहे आणि ती योग्यच आहे. आम्ही मात्र या पानांवर आमच्या हातून झालेल्या एका चुकीपासून प्रारंभ करीत आहोत. ज्या विद्यालयाने आम्हांला शिक्षक म्हणून मान दिला, त्याच्या स्मरणिकेत ती चूक मोकळेपणाने नोंदविणे आणि तिच्यातून जो धडा निघाला तो पुढील विद्यार्थ्यांच्या हाती देणे, हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

सुमारे चार वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एक तरुण आम्हांला भेटला. पाचवी ते दहावी तो आपल्या वसतिगृहात राहिला होता. आता डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करीत होता आणि कल्याण पूर्वेला आई-वडिलांसह राहत होता. वडील सफाई कामगार म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हाती आले होते. त्याने मोबाईल पुढे केला आणि विचारले, "सर, हे खरं आहे का? टाकू का पैसे?" पडद्यावर एका क्रिप्टो एक्स्चेंजचे अ‍ॅप उघडलेले होते. हिरवे आकडे क्षणाक्षणाला वर सरकत होते.

आम्ही काय केले? अ‍ॅप पाहिले. त्याची मांडणी नेटकी वाटली. ते सुचविणारा कोण, असे विचारले. तोही आपलाच माजी विद्यार्थी निघाला. आणखी कोणी पैसे ठेवले आहेत का, असे विचारले. त्याच्या वस्तीतील दहा-बारा घरांनी ठेवले होते. एवढ्यावरून आम्ही म्हणालो, "माणसं ओळखीची आहेत, ठीक दिसतंय. थोडे थोडे टाक." त्याने सुरुवातीला थोडे टाकले, मग सर्वच टाकले. चार महिन्यांनी अ‍ॅपमधून पैसे काढणे बंद झाले आणि पुढे अ‍ॅपही उघडेनासे झाले. दोन लाख चाळीस हजार रुपये गेले. धाकट्या बहिणीचा परिचर्या अभ्यासक्रमाचा प्रवेश त्या वर्षी राहिला.

तो आमच्याकडे तक्रार घेऊन आला नाही. उलट, "सर, तुमचा काय दोष," असेच म्हणाला. आमचा दोष होता. त्याने आम्हांला प्रश्न विचारला होता आणि आम्ही त्या अ‍ॅपला एकही प्रश्न न विचारता त्याला उत्तर दिले होते. कोणते प्रश्न विचारावयास हवे होते, हे या पाठात मांडावयाचे आहे.

कालामांचा प्रश्न आणि आपला प्रश्न

अंगुत्तर निकायातील कालाम सुत्त आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. केसपुत्त नगरातील कालामांची अडचण अशी होती की, गावात येणारा प्रत्येक आचार्य स्वतःच्या मताची थोरवी सांगे आणि इतरांच्या मताची निंदा करी. मग खरे कोणाचे मानावे? तथागतांनी कोणा एका आचार्याचे नाव सांगितले नाही. केवळ ज्यांच्या आधारावर एखादी गोष्ट स्वीकारू नये, असे दहा आधार त्यांनी सांगितले आणि मग पारख कशी करावी, हे समजावून दिले.

हे दहा आधार आजच्या मोबाईलसमोर ठेवून पाहिले तर सुत्ताचे महत्त्व अधिक जाणवते. ऐकीव माहिती हा पहिला आधार; आज ती व्हॉट्सअ‍ॅपच्या आणि टेलिग्रामच्या गटातून येते. चालत आलेली रूढी हा दुसरा. वस्तीतील सगळे भिशी लावतात, सगळे अमुक ठिकाणी पैसे ठेवतात, म्हणून आपणही ठेवतो. लिखित ग्रंथाचा आधार हाही पुरेसा नाही; क्रिप्टोच्या जगात प्रत्येक नवे नाणे स्वतःची एक भारदस्त पुस्तिका छापते. नुसता तर्क, बाह्य लक्षणांवरून बांधलेला अंदाज आणि सांगणाऱ्याचे योग्य वाटणारे रूप हेही त्या यादीत आहेत; चकचकीत अ‍ॅप, सुटाबुटातील वक्ता आणि पंचतारांकित हॉटेलातील सभा ही त्यांची आजची रूपे. आणि दहावा आधार असा : हा आमचा गुरू आहे, म्हणून त्याचे खरे. त्या तरुणाने नेमका हाच आधार घेतला होता, आणि तो आम्ही होतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कोणाचेच ऐकू नका, असे हे सुत्त सांगत नाही. स्वतःच्या अनुभवाने तपासा, हे आचरल्याने कोणाचे हित आणि कोणाचे अहित होते ते पाहा आणि जाणते लोक त्याविषयी काय म्हणतात तेही विचारात घ्या, असे ते सांगते. अविश्वास बाळगण्यापेक्षा तपासून विश्वास ठेवणे, हा त्याचा भाव आहे.

एक्स्चेंज म्हणजे नेमके काय?

पारख करण्यापूर्वी वस्तू ओळखली पाहिजे. बिटकॉइनसारखे आभासी चलन म्हणजे संगणकांच्या जाळ्यावर ठेवलेली एक सामाईक खातेवही होय. त्या वहीतील आपली रक्कम दुसऱ्याच्या नावे करण्यासाठी एक गुप्त चावी लागते. ज्याच्याकडे चावी, त्याच्याकडे ताबा. ही चावी ज्यात सांभाळली जाते त्याला वॉलेट म्हणतात.

सर्वसामान्य माणूस मात्र स्वतःजवळ चावी ठेवत नाही. तो एक्स्चेंजवर खाते उघडतो, रुपये भरतो आणि पडद्यावर आपल्या नावे काही नाणी दिसू लागतात. ही नाणी बहुधा एक्स्चेंजच्या सामाईक वॉलेटात असतात आणि चावीही एक्स्चेंजकडेच असते. आपल्याला दिसतो तो त्यांच्या वहीतील आपल्या नावाचा आकडा. म्हणजे आपल्याजवळ असतो तो फक्त एक दावा. तो दावा मागताक्षणी पुरा होईल की नाही, यावर सारे अवलंबून असते.

शेअर बाजाराशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. तेथे सौदा दलालामार्फत होतो, तो जुळविण्याचे काम बाजार करतो, देण्याघेण्याची पूर्तता क्लिअरिंग महामंडळ करते आणि आपले शेअर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या स्वतंत्र डिपॉझिटरीत आपल्या नावाने राहतात. या सर्वांवर सेबीची देखरेख असते. दलाल बुडाला तरी डिपॉझिटरीतील नोंद उरते. गैरप्रकार तेथेही होतात. पण एकाच्या हाती सर्व चाव्या नसतात. क्रिप्टो एक्स्चेंजमध्ये दलाल, बाजार, पूर्तता करणारा आणि तिजोरी सांभाळणारा ही चारही कामे बहुतेक वेळा एकच कंपनी करते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात चलनाच्या व्यवस्थेची चिकित्सा केली. चलनाचे स्थैर्य ते चालविणाऱ्यांच्या मर्जीवर सोपवू नये, चलन काढण्यावर व्यवस्थेचेच बंधन असावे, हा त्यांच्या विवेचनाचा एक मुख्य धागा आहे. तो ग्रंथ सरकारी चलनाविषयी आहे, क्रिप्टोविषयी नाही, हे खरे. परंतु पैशाच्या कोणत्याही व्यवस्थेला विचारण्याजोगा प्रश्न त्यातून मिळतो : चालविणारा माणूस भला आहे का, एवढेच न विचारता त्याचे हात कोणत्या नियमाने बांधलेले आहेत, हे विचारावे.

भारतातील कायद्याची स्थिती

रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी परिपत्रक काढून बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द ठरविले. त्यानंतर १ एप्रिल २०२२ पासून अशा व्यवहारांतील नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जाऊ लागला. ७ मार्च २०२३ रोजी हे व्यवहार करून देणाऱ्या कंपन्या काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या आणि त्यांना केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी करणे भाग पडले. डिसेंबर २०२३ मध्ये एफआययूने बायनान्ससह नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा दिल्या. पुढे दंड भरून व नोंदणी करून त्यांतील काही परत आली.

या साऱ्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. कर घेतला म्हणजे परवाना दिला, असे नव्हे. एफआययूकडील नोंदणीचा अर्थ एवढाच की, ती कंपनी ग्राहकांची ओळख तपासण्यास आणि संशयास्पद व्यवहार कळविण्यास बांधील आहे. आपले पैसे सुरक्षित आहेत, अशी हमी त्या नोंदणीत नाही. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. फेब्रुवारी २०२० पर्यंत ते एक लाखच होते. क्रिप्टो एक्स्चेंजवरील शिल्लक रकमेला असे कोणतेही विमासंरक्षण नाही. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये क्रिप्टो ही मालमत्ता आहे, असे एका प्रकरणात मानले. हे पाऊल महत्त्वाचे असले तरी, न्यायालयात जाण्याची वेळ आल्यानंतर उपयोगी पडणारे आहे.

दोन प्रकारचे धोके

आपल्या परिसरातील आणि बाहेरील उदाहरणे पाहिली की दोन वेगळे धोके दिसतात. ते वेगळे ओळखले नाहीत तर पारख चुकते.

पहिला धोका असा की, एक्स्चेंज नसतेच. असतो तो केवळ देखावा. ठाणे पोलिसांनी जून २०१८ मध्ये 'मनी ट्रेड कॉइन' या आभासी चलनाचे प्रकरण उघडकीस आणले. भाव वाढत जाणार असे सांगून गुंतवणूकदारांकडून पैसे गोळा केल्याचा आरोप त्यात होता. नाणे काढणारा, त्याचा भाव सांगणारा आणि पैसे घेणारा एकच असेल, तर त्या भावाला अर्थ काय उरतो, हा प्रश्न त्या प्रकरणाने ठाणेकरांपुढे ठेवला.

या फसवणुकीचा साचा मात्र क्रिप्टोपेक्षा जुना आहे. २०१९ च्या दिवाळीच्या सुमारास 'गुडविन ज्वेलर्स'ची दुकाने अचानक बंद झाली, तेव्हा डोंबिवली आणि ठाण्यातील असंख्य कुटुंबांनी सोन्यासाठी महिन्यामहिन्याला भरलेले पैसे अडकले. जानेवारी २०२५ मध्ये 'टोरेस' या नावाने चाललेली साखळी कोसळली. तिची एक शाखा कल्याणला होती. मोझेनाइट नावाच्या कृत्रिम खड्यांच्या खरेदीवर दर आठवड्याला परतावा देण्याचे आश्वासन तेथे दिले जात होते. एकदा सोने, एकदा खडा, एकदा नाणे. वस्तू बदलली, साचा तोच राहिला. नव्याने येणाऱ्यांच्या पैशातून जुन्यांना परतावा द्यावयाचा आणि त्या परताव्याचीच जाहिरात करावयाची.

आपल्या भागात हा साचा का रुजतो, याचाही विचार व्हावा. येथील माणूस सकाळच्या लोकलने मुंबईला जातो, रात्री परततो. बँकेत जाऊन चौकशी करण्यास त्याला वेळ नसतो. त्याचा आधार म्हणजे माणसे : डब्यातला गट, चाळीतले शेजारी, विहारातले उपासक, नात्यातला मेहुणा. अडीनडीला ही माणसेच धावून येतात. हा परस्परविश्वास आपल्या समाजाने फार कष्टाने जोडलेला आहे. ठग याच विश्वासावर स्वार होतो. तो आधी एकाला खरोखर परतावा देतो आणि मग तो एक जण, कोणताही वाईट हेतू नसताना, दहा जणांना घेऊन येतो. पुढे पैसा बुडतो तेव्हा घराघरांतील संबंधही तुटतात. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या वस्तीत दोन सख्ख्या भावांचे बोलणे अजून बंद आहे. एकाने दुसऱ्याला अ‍ॅप दाखविले होते, एवढेच कारण.

दुसरा धोका वेगळा आहे. येथे एक्स्चेंज खरे असते, लाखो ग्राहक असतात, तरीही पैसे अडकतात. मुंबईत सुरू झालेल्या वजीरएक्सच्या एका वॉलेटमधून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीस गेली. ग्राहकांच्या एकूण मालमत्तेचा तो जवळजवळ निम्मा भाग होता. पैसे काढणे थांबले, प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेले आणि सव्वा वर्षाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, व्यवहार पुन्हा सुरू झाले. जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्स या दुसऱ्या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे ४.४ कोटी डॉलर चोरीस गेले. ते कंपनीच्या स्वतःच्या कामकाजाच्या खात्यातील होते, ग्राहकांच्या नाण्यांना धक्का लागला नाही आणि तोटा कंपनीने सोसला, असे कंपनीने जाहीर केले. ग्राहकांची आणि कंपनीची रक्कम वेगळी असणे म्हणजे काय, हे या दोन घटना शेजारी ठेवल्यास कळते.

परदेशातही हेच दिसते. टोकियोतील माउंट गॉक्स फेब्रुवारी २०१४ मध्ये कोसळले. ग्राहकांना नाणी परत मिळण्यास २०२४ उजाडले. एफटीएक्स या बड्या एक्स्चेंजने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. ग्राहकांचे पैसे मालकाच्याच दुसऱ्या कंपनीकडे वळविले गेले होते. संस्थापकाला मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. कॅनडातील क्वाड्रिगाच्या संस्थापकाचा डिसेंबर २०१८ मध्ये जयपूर येथे मृत्यू झाला, तेव्हा चाव्या त्याच्याबरोबर गेल्या असे ग्राहकांना सांगण्यात आले. पुढे तेथील नियामकाने चौकशी केली, तेव्हा त्याने खोट्या खात्यांवरून व्यवहार करून ग्राहकांचा पैसा आधीच उडविला होता, असे आढळले.

विचारावयाचे सात प्रश्न

पैसे पाठविण्यापूर्वी पुढील प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरे शोधावीत. उत्तर मिळाले नाही, तर तेच उत्तर समजावे.

१. पैसे कोणाच्या खात्यात जातात? कंपनीच्या नावाचे खाते आहे की कोणा व्यक्तीचा यूपीआय? दर वेळी वेगळे खाते दिले जात असेल, तर तेथेच थांबावे. हा प्रश्न सर्वांत सोपा आहे आणि सर्वांत उपयोगी आहे. आमच्या विद्यार्थ्याचे पैसे तीन वेगवेगळ्या व्यक्तींच्या खात्यांत गेले होते. आम्ही एवढे विचारले असते तरी पुरे होते.

२. मालक कोण, आणि वाद झाल्यास न्यायालय कोणत्या देशाचे? २०१९ मध्ये बायनान्सने वजीरएक्स विकत घेतल्याचे जाहीर झाले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये तो व्यवहार पूर्णच झाला नाही, असे बायनान्सकडून सांगण्यात आले आणि मालकीवरून उघड वाद झाला. ज्या संस्थेची मालकी संस्थेलाच निश्चित सांगता येत नाही, तेथे ग्राहकाने दाद कोणाकडे मागावी? अ‍ॅप मराठीत असले तरी करार सिंगापूरच्या किंवा आणखी कोणत्या देशाच्या कायद्याखाली असू शकतो.

३. नोंदणी कोणती आणि ती कशाची? 'सरकारमान्य' हा शब्द मोघम आहे. कंपनी कायद्याखालील नोंदणी किंवा जीएसटीचा क्रमांक यांवरून ग्राहकाच्या पैशाची सुरक्षितता ठरत नाही. एफआययूकडे नोंदणी नसेल तर त्या एक्स्चेंजकडे जाऊच नये. असेल तरी ती किमान अट समजावी. आणि नोंदणी कंपनीच्या जाहिरातीवरून न पाहता सरकारी माहितीवरून पडताळावी.

४. चावी कोणाकडे आहे आणि ग्राहकांची नाणी वेगळी ठेवली जातात का? कंपनी ती उसनी देते का, गहाण टाकते का? करारातील हे कलम कंटाळवाणे असते आणि म्हणूनच वाचले जात नाही. एफटीएक्सच्या ग्राहकांचे नुकसान नेमके या जागी झाले.

५. शिल्लक दाखवितात, पण देणी दाखवितात का? अनेक एक्स्चेंज आपल्याकडील नाण्यांचा पुरावा प्रसिद्ध करतात. ही चांगली प्रथा आहे, पण अर्धीच. एखाद्या दुकानदाराने गल्ल्यातील एक लाख रुपये उघडून दाखविले आणि उधारीची वही मिटून ठेवली, तर तो सधन आहे की कर्जात बुडालेला, हे कळणार नाही. दोन्ही बाजू एकाच दिवशी आणि स्वतंत्र लेखापरीक्षकाने तपासलेल्या असाव्यात.

६. नफा कोठून येतो? क्रिप्टोचा भाव वर जातो तसा खालीही येतो. म्हणून निश्चित परताव्याचे आश्वासन आले की, ते चलन कोणतेही असो, संशय घ्यावा. गणिताचे विद्यार्थी हे स्वतः ताडून पाहू शकतात. दिवसाला १ टक्का हा आकडा किरकोळ वाटतो. पण चक्रवाढीने ३६५ दिवसांत एका लाखाचे जवळजवळ ३७ लाख ८० हजार होतात. असा नफा खरोखर मिळत असेल, तर सांगणारा तो आपल्याला का वाटतो आहे?

७. पैसे परत निघतात का, आणि कोणत्या अटीवर? थोडी रक्कम परत मिळाली, हा पुरावा नव्हे. ठग आधी थोडे देतोच. ते त्याचे गळाला लावलेले आमिष असते. मोठी रक्कम काढताना 'आधी कर भरा', 'आधी शुल्क भरा' असे सांगितले गेले, तर ती फसवणूक आहे असे समजून पुढे एक रुपयाही पाठवू नये. खरा कर कापून घेतला जातो किंवा सरकारकडे भरला जातो. आपलेच पैसे सोडविण्यासाठी तो कोणा व्यक्तीच्या खात्यात भरावा लागत नाही.

हे सात प्रश्न दोन्ही धोके सारख्याच प्रमाणात टाळू शकत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पहिला, सहावा आणि सातवा हे प्रश्न बनावट एक्स्चेंज जवळजवळ तत्काळ उघडे पाडतात. उरलेले चार खऱ्या एक्स्चेंजची जोखीम दाखवितात, पण ती नाहीशी करीत नाहीत. सर्व उत्तरे समाधानकारक मिळूनही चोरी होऊ शकते. म्हणून शेवटी रकमेचा प्रश्न उरतो.

धनाचे रक्षण

कोलिय दीघजाणूने गृहस्थाच्या हिताविषयी विचारले, तेव्हा तथागतांनी चार गोष्टी सांगितल्या : उद्योगीपणा, मिळविलेल्या धनाचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि मिळकतीच्या मानाने समतोल जीवन. घामाने आणि सन्मार्गाने मिळविलेले धन सांभाळणे हा लोभ नसून गृहस्थधर्म आहे, हे यातून दिसते. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी आणि चौथा संकटकाळासाठी राखून ठेवण्याचा. त्याच सुत्तात जुगार हे धननाशाचे एक द्वार म्हणून सांगितले आहे.

निवृत्तीचे पैसे, मुलीच्या शिक्षणाचे पैसे, आजारपणासाठी ठेवलेले पैसे हा तो चौथा भाग होय. त्याला क्रिप्टोची हवा लागू देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याला या क्षेत्राचा अभ्यास करावयाचा आहे, त्याने पूर्ण बुडाली तरी घरातील चूल, फी आणि औषध थांबणार नाही, एवढीच रक्कम त्यात घालावी, आणि घरातील सर्वांना ती सांगून घालावी. लपवून घातलेल्या पैशाला कल्याणमित्र मिळत नाही.

फसवणूक झालीच, तर लाज बाळगून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वी रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. व्यवहारांचे क्रमांक, संभाषणे आणि पडद्याची चित्रे जपून ठेवावीत. ठेवी गोळा करणाऱ्या योजनेने फसविले असेल, तर ठेवीदारांच्या हितसंरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेल्या कायद्याखाली आरोपींची मालमत्ता जप्त होऊ शकते. 'बुडालेले पैसे काढून देतो' असे म्हणत येणारा दुसरा माणूस बहुधा दुसरा ठग असतो, हेही ध्यानी ठेवावे.

त्या तरुणाने तक्रार केली होती, पण दोन महिन्यांनी. पैसे मिळाले नाहीत. बहिणीने पुढच्या वर्षी प्रवेश घेतला आणि आता ती शेवटच्या वर्षात आहे. आम्ही त्याच्या वडिलांना जाऊन भेटलो आणि चूक कबूल केली. ते म्हणाले, "गुरुजी, पोरगं तुमचं नाव घेऊन आलं, म्हणून मी पण विचारलं नाही." हे वाक्य आम्ही विसरू शकत नाही. ऐकीव विश्वासाची अखंड साखळी त्यात होती : मित्रापासून मुलापर्यंत, मुलापासून शिक्षकापर्यंत, शिक्षकापासून पित्यापर्यंत. तिच्यात एकानेही थांबून विचारले असते, तर ती तेथेच तुटली असती.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. हा पाठही आमच्यावरील श्रद्धेपोटी मान्य करू नका. यातील तारखा पडताळा, गणिते स्वतः करा, प्रश्न स्वतः विचारून पाहा. उद्या एखादा धाकटा भाऊ तुमच्यासमोर मोबाईल धरून "दादा, हे खरं आहे का?" असे विचारील. तेव्हा उत्तराची घाई करू नका. "चल, दोघं मिळून तपासू," एवढे म्हणा.

स्वाध्याय

१. दर आठवड्याला ६ टक्के परतावा चक्रवाढीने ५२ आठवडे मिळाला, तर एका लाखाचे किती होतील? उत्तराची तुलना बँकेच्या मुदत ठेवीशी करा आणि फरकाचे कारण लिहा.

२. कालाम सुत्तातील दहा आधार लिहून काढा. प्रत्येकासमोर आपल्या वस्तीत पाहिलेले, पैशासंबंधीचे एक उदाहरण लिहा.

३. एका एक्स्चेंजकडे १०० नाणी आहेत आणि ग्राहकांचे १३० नाण्यांचे देणे आहे. फक्त पहिला आकडा जाहीर झाला, तर ग्राहकाचा काय समज होईल? पैसे काढण्याची घाई झाल्यास कोणाला मिळतील आणि कोणाला मिळणार नाहीत?

४. सुट्टीत घरी गेल्यावर मोठ्यांच्या मोबाईलमधील गुंतवणुकीचे एक अ‍ॅप त्यांच्यासोबत बसून सात प्रश्नांनी तपासा. आढळले ते वर्गात सांगा. घरच्यांचे नाव किंवा रक्कम सांगू नका.